एकोणीस तासांचा उजेड

बनसोडे मामा कुणाच्या घरी गेले, की चहाच्या आधी मिठाची बरणी मागायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, फळीवर नजर फिरवायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "वैनी, जरा मीठ बगू." मग बरणीत दोन बोटं घालून चिमूट उचलायची, अंगठ्याने चोळायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. मीठ सुटं पडलं तर हवा बरी. बोटाला चिकटलं तर, "आज न्हाई जमायचं." आमच्या घरी पहिल्यांदा हा प्रकार झाला, तेव्हा सासूबाईंना वाटलं की हा माणूस दृष्ट काढायला आलाय. त्यांनी घाबरून मोहरीसुद्धा काढून दिली. मामांनी मोहरीही चोळून बघितली, आणि मोहरीवरून काही कळत नाही असं प्रामाणिकपणे सांगून ती परत केली.

आमचं गाव तासगावकडून कवठे महांकाळला जाताना लागतं. तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवत होते आणि यशवंत बनसोडे प्रयोगशाळा सांभाळत होते. आमच्याकडे शाळेत खडू-घंटा-कुलपं बघणारा जो कुणी असतो तो सगळ्यांचा मामा होतो, हेडमास्तरांचासुद्धा. मामा मूळचे साताऱ्याकडचे, वडील पलूसला कामाला आले आणि इकडचेच झाले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, त्याही चारचौघांत त्यांचा उल्लेख 'मामा' असाच करायच्या. एकदा मी त्यांना हसले, तर म्हणाल्या, सगळं गाव मामा म्हणतंय, मी एकटीनं वेगळं काय म्हणू?

कोरडेपणाचं वेड त्यांना शाळेतच लागलं होतं. पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना बुरशी धरते, म्हणून त्यांनी एका लाकडी कपाटात साधा पिवळा बल्ब लावून ठेवला होता. तो दिवसरात्र जळायचा. नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी ही उधळपट्टी बंद करायला लावली. मामांनी बल्ब काढून ठेवला. पंधरा दिवसांनी त्यांनी हेडमास्तरांना प्रयोगशाळेत बोलावलं, एक भिंग दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि बघायला सांगितलं. हेडमास्तर बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, सुंदर नक्षी आहे, कसली आहे? मामा म्हणाले, "सायेब, तुमच्या हुकमाची." बल्ब पुन्हा लागला.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी सातवीच्या वर्गात 'लुकलुकणारे तारे' असं काहीतरी मनापासून शिकवत होते आणि हे व्हरांड्यातून चालले होते. तास संपल्यावर हळूच म्हणाले, बाई, तारे लुकलुकत नाहीत, मधली हवा हलते. मी म्हटलं, मामा, हे काव्य आहे. त्यावर त्यांनी विचार केला आणि विचारलं, "काव्यात हवा नसती व्हय?" पुढे आठ दिवस मला तो शब्द उच्चारता आला नाही. एवढी चीड आली होती मला त्या माणसाची.

पण मुलांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता, आणि त्या नियमासाठी मी त्यांच्या शंभर खोड्या माफ केल्या. दहावीची मुलं प्रयोग करताना आकडा चुकला की खोडून शेजारच्याचा आकडा लिहितात. सगळीकडे तेच चालतं. मामा तसं करू द्यायचे नाहीत. चुकलेला आकडा वहीत राहिलाच पाहिजे, का चुकला ते खाली लिहायचं आणि पुन्हा मोजायचं. एखादं पोर लाजून वही झाकायला लागलं तर तिच्यावरचा हात हलकेच बाजूला करून म्हणायचे, "आधी लिव्हायचं. लाजायचं मागनं." हे त्यांच्या तोंडी इतक्या वेळा यायचं, की मुलं त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करताना हेच वाक्य म्हणायची, मान तिरकी करून.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक जुना रंगीत तक्ता होता. तांबड्या उजेडाचा पडदा आणि त्यापुढे घोड्याच्या मुंडक्यासारखा काळा ढग. खाली परदेशी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. अश्वमुख तेजोमेघ. दरवर्षी नवी मुलं विचारायची, मामा, हा कुठं असतो? मामा सांगायचे, आपल्या डोक्यावरच, मृगात बाणाचे तीन तारे असतात ना, त्यातल्या एका टोकाच्या ताऱ्याजवळ. पोरं घरी जाऊन माना मोडेपर्यंत वर बघायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायची की तिथं काही नाही. खरंच नसतंच काही, नुसत्या डोळ्यांना. मामा समजावून सांगायचे की तो उजेड फार मंद आहे, तासन्‌तास साठवावा लागतो. पोरांना ती पळवाट वाटायची. अशा रीतीने तीस वर्षं आमच्या शाळेच्या प्रत्येक तुकडीने त्यांना थापाड्या ठरवलं. वरवर ते हसायचे. पण मनाला लागलं होतं, कारण निवृत्तीच्या निरोप समारंभात शाल खांद्यावर घेऊन त्यांनी भाषण केलं ते एवढंच, की मी त्या तक्त्याशेजारी आपल्या गावातनं काढलेला घोडा लावणार, खाली गावाचं नाव लिहून, मगच गप बसणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा थट्टा करत नाहीयेत हे माझ्याशिवाय कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

त्यांच्या मुलाने पुण्यातल्या कुणा हौशी माणसाकडून एक जुना कॅमेरा आणि छोटी दुर्बीण मिळवून दिली. हा कॅमेरा म्हणजे आपल्या फोनसारखा नव्हे. त्याच्या पोटात उजेड टिपणारी एक बारीक चकती असते, ती शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर न्यायची, म्हणजे चित्रात खोटे ठिपके उमटत नाहीत. पण थंड पेल्यावर बाहेरून जसं पाणी धरतं तसं त्या थंड चकतीवर आतल्या हवेतलं पाणी धरतं, आणि तिथं त्याचा बर्फ होतो. घोड्याच्या जागी मग गोठलेली नक्षी येते. हे होऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या आत पाणी शोषणारे मणी ठेवतात. कोरडे असले की नारिंगी, पाणी प्याले की हिरवट. हिरवे झाले की तापवून पुन्हा नारिंगी करायचे. हे सगळं मला मामांनी इतक्या वेळा ऐकवलंय, की मी आज उठून शिकवू शकेन.

आता नारिंगी, गोल, मोहरीपेक्षा जरा मोठे मणी तव्यावर परतून ताटलीत गार करत ठेवले, की ते कसे दिसतील? मामींच्या माहेरहून मामेभाऊ आले होते. दारातून आत आले, ओट्यावरची ताटली दिसली, म्हणाले, अरे वा, बुंदी. आणि मूठ भरली. मामी त्यांच्या अंगावर अशा धावल्या की पाहुण्याला वाटलं, या घरात बुंदीचीसुद्धा चोरी. मणी तोंडात गेले नाहीत हे नशीब. पण पाहुणा रुसून एसटीने परत गेला, आणि मामींनी फर्मान काढलं, की माझ्या तव्यावर, माझ्या ओट्यावर आणि माझ्या दृष्टीला हे मणी परत पडता कामा नयेत. मामांनी परसात वेगळी शेगडी मांडली.

पहिल्या हिवाळ्यात त्यांना जेमतेम सहा तासांचा उजेड मिळाला. पाच-पाच मिनिटांचे शेकडो फोटो काढून ते एकावर एक चढवायचे, म्हणजे उजेड साठतो. चाळीस तास साठले तर घोडा स्वच्छ निघेल असा त्यांचा हिशोब होता. चित्र फोनमध्ये आणून दाखवायचे. मला त्यात तांबडट वाळू आणि मध्ये एक डाग दिसायचा. मी म्हणायचे, मामा, घोडा नाही, गाढव असेल. ते म्हणायचे, "दम धरा बाई, चाळीस हुंद्या." मृग संध्याकाळीच वर असतो, त्यामुळे जेवण झालं की गच्चीवर जायचे आणि दहाच्या आत खाली यायचे. पण थंडीत आमच्याकडे द्राक्षबागांना पाणी सुटलेलं असतं, हवा ओलसर, दुर्बिणीच्या तोंडावर दव. तोंडाला त्यांनी मामींच्या जुन्या लोकरी स्वेटरची बाही घातली होती. ती हिरव्या बाहीची दुर्बीण बघायला शेजारीपाजारी यायचे.

दव बाहेरचं होतं, ते जमलं. आतलं पाणी जमेना. मणी परसात कितीही तापवा, कॅमेरा उघडून ते आत घालेपर्यंत ओली हवाही आत शिरायची. मामांनी डोकं लावलं. तालुक्यात सगळ्यांत कोरडी हवा कुठं असते? जिथं द्राक्षांचे बेदाणे होतात तिथं. आमचं बेदाण्याचं शेड गावाबाहेर माळावर आहे. जाळीचे मजले, चारी बाजूंनी शेडनेट आणि फेब्रुवारीच्या दुपारी तीन वाजता असा वारा की ओठ फुटावेत. मामांनी तिथं येऊन अर्थातच मिठाची चिमूट चोळून बघितली. मग म्हणाले, बाई, मला एक दुपार द्या. शाळेतून भंगारात निघालेल्या तराजूची काचेची पेटी त्यांनी जपून ठेवली होती. तीत कॅमेरा उघडा ठेवायचा, शेजारी गरम मणी, वर मलमलचं फडकं. दोन तास ती कोरडी हवा आत खेळली की तिथंच झाकण लावायचं. डोकं चालवावं ते मामांनीच.

त्यांना एकच भीती होती. बेदाण्याला पिवळा-हिरवा रंग टिकावा म्हणून ढिगावर प्लास्टिकचा कागद टाकून खाली गंधक पेटवतात, त्याला आमच्याकडे धुरी देणं म्हणतात. तो धूर कॅमेऱ्याला लागता कामा नये. आदल्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, उद्या धुरी नाही ना? मी सांगितलं, धुरी परवा.

दुसऱ्या दिवशी मी शेडच्या दारातल्या खुर्चीवर बसून सहामाहीच्या राहिलेल्या वह्या तपासत होते. मामा पेटी मांडून जेवायला घरी गेले. आमचा राजाराम, जो शेडचं सगळं बघतो, तो येऊन म्हणाला की व्यापारी उद्या सकाळीच माल बघायला येतोय, धुरी आत्ताच देऊ का? मी मान न उचलता हो म्हटलं. बस, एवढंच. त्या क्षणी माझ्यासमोर एका पोराने 'आकाशी झेप'वर निबंध लिहिलेला होता, आणि मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होते.

नाकाला झणका आला तेव्हा उठले. राजारामने कागद नीट दाबला होता, पण वारा होता. धूर थोडासाच सुटला होता आणि सरळ पेटीच्या बाजूला गेला होता. मी फडक्याने वारा घातला, पेटी ओढून दुसऱ्या टोकाला नेली. अर्ध्या तासाने वास गेला. मामा पाच वाजता आले. तीस वर्षं आम्लांच्या बाटल्या उघडून त्यांचं नाक केव्हाच गेलेलं होतं. त्यांनी आनंदाने मणी बघितले, नारिंगी, झकास. झाकण लावलं. मला म्हणाले, लय उपकार झाले. मी म्हटलं, चहा घ्या.

का नाही सांगितलं? मी स्वतःला हे हजारदा विचारलंय. आधी वाटलं, एवढ्याशा धुराने काय होतंय. मग वाटलं, मी मराठीची बाई, मला रसायनशास्त्र कुठं कळतं, उगाच त्यांच्या डोक्याला घोर. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. दोनदा विचारलं होतं माणसाने.

चारच दिवसांत चित्र बिघडलं. प्रत्येक ताऱ्याभोवती धुक्याचं कडं यायला लागलं आणि घोडा कुठल्या कुठे. मामांना वाटलं दव. मग वाटलं दुर्बिणीचं भिंग. फेब्रुवारी संपला, मृग मावळतीला गेला, आणि उन्हाळा-पावसाळा हा माणूस एकेक स्क्रू काढून बघत राहिला. चकतीपुढची आतली काच पुसली की दोन-चार दिवस बरं जायचं, पुन्हा धूसर. पुढचा अख्खा हिवाळा असाच गेला. अख्खा हिवाळा, एक तासही उजेड हाती न लागता. मी विचारपूस करायची, आणि ते मला सगळं सांगायचे, अगदी विश्वासाने, जणू मी काही मदत करू शकेन. मी करूही शकत होते. एक वाक्य सांगायचं होतं फक्त.

हळूहळू त्यांनी दोष शोधून काढला. स्वतःचा हात. हात थरथरतो, झाकण नीट बसत नाही, बोटांचा घाम आत जातो. मी त्यांच्यापुढे बसून त्यांच्या हाताकडे बघायची. कपात चहा ओतताना थेंब सांडत नव्हता. पण माणसाने एकदा मनात घेतलं की हात खरंच थरथरायला लागतो, आणि तसंच झालं. मामी मला दारात गाठून म्हणाल्या की मामा हल्ली आमटीत मीठ आहे की नाही तेसुद्धा बघत नाहीत. मी हसले. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी थंडी पडली तरी गच्चीवर हिरवी बाही दिसली नाही. डिसेंबर संपता संपता मामा एके दिवशी सकाळी शाळेत आले. सायकलच्या कॅरिअरवर दुर्बीण, कॅमेरा आणि तराजूची पेटी बांधलेली. मला म्हणाले की हे सगळं शाळेला देतोय, कुणी हात धड असलेला माणूस वापरील. हेडमास्तर रजेवर होते म्हणून ते माझ्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर टेकले. "हात गेला, बाई," एवढंच बोलले. रडले वगैरे नाहीत. मुठी मिटून मांडीवर ठेवल्या होत्या, दाखवायला नको म्हणून.

तेव्हा मी सांगितलं. सगळं. राजाराम, व्यापारी, वह्या, वारा, वास, फडकं. सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही, समोरच्या नळाकडे बघून बोलत होते. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल आणि पुन्हा आमच्या दारात येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. त्यांनी विचारलं, धुरी किती वाजता दिली? मी सांगितलं, साडेतीन. वारा कुठला? पश्चिमेचा. गंधक किती? ते राजारामला विचारावं लागेल. परीक्षकाच्या थंडपणाने त्यांनी दहा प्रश्न विचारले. मग स्वतःच म्हणाले, मणी बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण रंग तर बरोबर दाखवत होते. धूर मण्यांनी पिऊन ठेवला आणि दर रात्री थोडा थोडा काचेवर सोडला. "बेदाण्यागतच झालं की. वरनं रंग झकास."

आणि मग त्यांनी मुठी उघडल्या. दोन्ही हात पुढे धरले, पालथे, उताणे, आणि असे हसले, की वर्गातली पोरं खिडकीत जमा झाली. "म्हंजी हात शाबूत हाय माझा!" तीनदा म्हणाले. मला त्यांचं हे हसणं शिव्यांपेक्षा जड गेलं. मी म्हटलं, मामा, मला बोला तरी काहीतरी. त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, राग नव्हता, फक्त थोडं नवल होतं. "आवं, तवाच सांगितलं असतं तर एका दुपारचं काम हुतं, बाई."

खरंच एका दुपारचं होतं. नवे मणी आणले, आतली रबरी कडी स्पिरिटने पुसली, काच पुसली. झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या फोनवर मृगाच्या बाणाचा फोटो आला, तारे सुईच्या टोकाएवढे. त्याच्या पुढच्या दिवशी ते घरी आले, मीठ चोळलं, चहा घेतला, आणि पिशवीतून निरीक्षणांची वही काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या हिवाळ्यातल्या फेब्रुवारीच्या पानावर बोट ठेवलं. तिथं त्यांच्या अक्षरात 'कोरडे करून बंद केले, सर्व ठीक' असं होतं. खाली माझ्या अक्षरात खरं काय झालं ते लिहा म्हणाले. तीस वर्षं मी पोरांना शुद्धलेखन शिकवलं, आणि त्या दिवशी 'माझ्या परवानगीने' लिहिताना माझा दीर्घ चुकला. मामांनी तो दाखवून दिला. सोडतात की काय.

जानेवारी आणि फेब्रुवारी त्यांनी सोन्यासारखे वापरले. ढगांचे, लग्नाच्या मांडवातल्या झगमगाटाचे, पूर्ण चंद्राचे दिवस वजा जाऊन तेरा तासांचा उजेड मिळाला. आधीचे सहा धरून एकोणीस. घोड्याची मान आली, कान आला, नाकाशी थोडी वाळू राहिली. उरलेले एकवीस तास पुढच्या थंडीत, असं त्यांनी मला सांगितलं, आणि मी मिठाची वेगळी बरणीच त्यांच्यासाठी भरून ठेवली.

ऑगस्टात एका सकाळी दूध घेऊन येताना मामा दारातच बसले, आणि मामी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी तिथं पोचले तेव्हा दुधाची किटली तशीच उंबऱ्यावर सरळ ठेवलेली होती, एक थेंब सांडला नव्हता. इतकं रडले मी त्या किटलीकडे बघून, की मामींनाच मला धरावं लागलं.

मुलाने एकोणीस तासांचं ते चित्र मोठं छापून आणलं, खाली गावाचं नाव घालून, आणि डिसेंबरात शाळेने प्रयोगशाळेत छोटा कार्यक्रम ठेवला. सांगलीहून भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते, जाणते आणि सज्जन. त्यांनी चित्र जवळून बघितलं, चष्मा वर करून बघितलं. मुलांना सांगितलं की हे गावाच्या गच्चीवरून काढलेलं आहे यावर विश्वास बसत नाही, फार मोठं काम आहे. मग माहितगार माणूस बोलतो तसं म्हणाले, थोडं दाणेदार राहिलंय, एवढं सगळं जमवलं होतं तर आणखी वीस तास उजेड का नाही घेतला त्यांनी? टीका नव्हती, हळहळ होती. हेडमास्तरांनी घाईने सांगितलं, की वय झालं होतं हो, अलीकडे हातही थरथरायचा म्हणतात.

माझी खुर्ची दुसऱ्या रांगेत होती. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. वही मामींच्या कपाटात होती आणि मामींना वाचता येत नाही. मी उठून उभी राहिले. म्हटलं, सर, त्यांचा हात शेवटपर्यंत स्थिर होता. एक अख्खा हिवाळा आणि दुसऱ्याचा अर्धा माझ्यामुळे वाया गेला. आमच्या शेडातला गंधकाचा धूर कॅमेऱ्यात गेला होता, माझ्या हो म्हणण्यामुळे, आणि मी ते त्यांना दीड वर्षाहून जास्त सांगितलं नाही. या वीस तासांचं देणं माझ्याकडे आहे.

मुलं माझ्याकडे वळून बघत होती, त्यांत माझ्या वर्गातलीही होती. प्राध्यापकांनी मान खाली घातली. पहिल्या रांगेत मामी बसल्या होत्या. त्या मागे वळल्या, आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. म्हणाल्या, "हितं या बसायला. मागनं नीट दिसत न्हाई."